लग्नाचा पुरावा : ब्रिटनच्या जोडीदार व्हिसाचा इतिहास

१८४४ सालापासून ब्रिटिश कायद्यात परदेशी बायकोसाठी एक सोपी तरतूद होती. ब्रिटिश पुरुषाशी लग्न लागले की ती आपोआप ब्रिटिश प्रजाजन होई. अर्ज नाही, मुलाखत नाही, पुराव्याची मागणी नाही. १८७० च्या कायद्याने याचीच दुसरी बाजू पक्की केली. परदेशी पुरुषाशी लग्न करणारी ब्रिटिश स्त्री आपले नागरिकत्व गमावून बसे. दोन्ही तरतुदींमागचा विचार एकच होता : बायकोला स्वतःचे वेगळे राष्ट्रीयत्व नसते, ती नवऱ्याचे घेते. पहिल्या महायुद्धात याचा विचित्र परिणाम दिसला. इंग्लंडातच जन्मलेल्या आणि तिथेच वाढलेल्या कित्येक बायका केवळ जर्मन नवऱ्यामुळे शत्रुराष्ट्राच्या प्रजा ठरल्या. परदेशी नवऱ्याला मात्र लग्नाने काहीच मिळत नसे. त्याची गणना सरळ परक्यांत होई, आणि १९०५ च्या एलियन्स ॲक्टपासून परक्यांवर नजर ठेवणारी यंत्रणा उभी राहू लागली होती. पुढे शंभर वर्षे ब्रिटनचा कायदा परदेशी बायको आणि परदेशी नवरा यांना वेगवेगळ्या मापाने मोजत राहिला. त्याचे मूळ इथे आहे.

हिंदुस्थानातल्या माणसाला हा प्रश्न त्या काळी पडतच नव्हता. साम्राज्याची प्रजा म्हणून तो आणि त्याची बायको दोघेही आधीपासूनच ब्रिटिश प्रजाजन होते. जहाजाचे भाडे परवडणे हीच खरी अट होती. १९४८ च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी ॲक्टने राष्ट्रकुलातल्या देशांना स्वतःचे नागरिकत्व ठरवण्याची मोकळीक दिली, पण ब्रिटनमध्ये येण्या-राहण्याचा सर्वांचा हक्क तसाच ठेवला. १ जानेवारी १९४९ पासून तो अमलात आला. त्याच दिवशी लग्नाने आपोआप नागरिकत्व मिळण्याची किंवा जाण्याची पद्धतही संपली. ब्रिटिश नागरिकाच्या परदेशी बायकोने नोंदणी मागितली तर ती मिळण्याचा हक्क मात्र राहिला आणि तो १९८३ पर्यंत टिकला.

पन्नाशीच्या दशकात भारतीयांच्या वाटेवरचा अडसर लंडनमध्ये नव्हता, दिल्लीत होता. गरीब, अल्पशिक्षित माणसांना पासपोर्ट देण्यात भारत सरकार हात आखडता घेत असे. परदेशी जाणे हा नागरिकाचा हक्क आहे, सरकारची मेहेरबानी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने सतवंत सिंग साहनी खटल्यात सांगितले ते १९६७ साली, आणि त्याच वर्षी पासपोर्टचा नवा कायदा आला. तोवर जालंधर-होशियारपूरकडचे शेतकरी, गुजरातेतले पाटीदार, पाकिस्तानातल्या मीरपूरचे आणि पूर्व पाकिस्तानातल्या सिल्हेटचे पुरुष मिळेल त्या मार्गाने ब्रॅडफर्ड, बर्मिंगहॅम, लंडनच्या कारखान्यांत पोचले होते. ते बहुतेक एकटेच जात. काही वर्षे राबायचे, पैसे गावी पाठवायचे, मग परतायचे आणि आपल्या जागी भावाला किंवा पुतण्याला पाठवायचे, अशी त्यांची रीत होती. मराठी माणसांचा ओघ लहान आणि वेगळ्या वळणाचा होता. त्यात विद्यार्थी होते, बॅरिस्टर होते, पुढे डॉक्टर आणि इंजिनिअर आले. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, म्हणजे कारखान्यांतल्या मजुरांच्या लाटेपेक्षा खूप आधीचे. सुशिक्षित नोकरदार बायकोला बरोबर घेऊन जाई किंवा लवकरच बोलावून घेई. त्यामुळे पुढच्या कडक नियमांची सर्वांत मोठी झळ पंजाबी, गुजराती आणि सिल्हेटी घरांना बसली.

१९६२ चा कॉमनवेल्थ इमिग्रंट्स ॲक्ट त्या वर्षीच्या १ जुलैला लागू झाला आणि राष्ट्रकुलातल्या कामगारांना कामाच्या व्हाउचरशिवाय प्रवेश बंद झाला. बायको आणि सोळा वर्षांखालील मुले यांचा हक्क मात्र कायद्यानेच राखला होता. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या नवऱ्याकडे जाणाऱ्या किंवा त्याच्यासोबत येणाऱ्या बायकोला अडवता येत नसे. या कायद्याने जे घडवले ते त्याच्या हेतूच्या अगदी उलट होते. पूर्वी माणूस निर्धास्तपणे गावी परतत असे, कारण पुन्हा येणे हातचे होते. आता एकदा बाहेर पडलो तर परत येता येईल की नाही याची खात्री उरली नाही. तेव्हा पुरुषांनी जाणे-येणे थांबवले आणि बायका-मुलांना बोलावून घ्यायला सुरुवात केली. एकट्या पुरुषांची खोल्या भाड्याने घेऊन राहणारी वस्ती संसारी वस्ती झाली, ती स्थलांतर रोखायला केलेल्या कायद्यामुळे.

कायद्यातला हक्क काढून घेणे राजकीयदृष्ट्या अवघड होते. कुटुंबे तोडणारे सरकार म्हणवून घ्यायला कोणताच पक्ष तयार नव्हता. म्हणून पुढचा बदल हक्कात झाला नाही, तो सिद्ध करण्याच्या रीतीत झाला. १९६८ च्या कायद्याने केनियातून येणाऱ्या ब्रिटिश पासपोर्टधारक आशियाई लोकांना अडवले. संसदेत तो तीन दिवसांत मंजूर झाला, इतकी घाई होती. त्यानंतरच्या वर्षी इमिग्रेशन अपील्स ॲक्ट आला. नाव अपिलाचे, म्हणजे अर्जदाराच्या सोयीचे. पण त्याच कायद्यात ऐनवेळी एक कलम घालून बायका-मुलांना निघण्यापूर्वीच स्वदेशातल्या ब्रिटिश कचेरीतून एन्ट्री सर्टिफिकेट घेणे सक्तीचे केले गेले. तोपर्यंत लंडन विमानतळावर उतरून आपण कोण हे सांगता येत असे, आणि शंका आली तरी नवरा, वकील, खासदार यांच्यापैकी कुणीतरी हाकेच्या अंतरावर असे. आता फैसला दिल्ली, मुंबई, इस्लामाबाद किंवा ढाक्यातल्या टेबलावर होऊ लागला. टेबलाच्या एका बाजूला अधिकारी आणि दुभाषा, दुसऱ्या बाजूला बहुधा पहिल्यांदाच शहर पाहणारी बाई. आजचा जोडीदार व्हिसा या १९६९ च्या सर्टिफिकेटाचाच वंशज आहे.

अधिकाऱ्याला शोधायचे काय होते? ही बाई खरोखर त्या पुरुषाची बायको आहे का, आणि ही मुले खरोखर त्यांची आहेत का. प्रश्न वाजवी होता, पण उत्तराला लागणारे कागद उपखंडातल्या खेड्यात नव्हतेच. जन्माची नोंद क्वचितच व्हायची. लग्न सात फेऱ्यांनी किंवा निकाहाने लागे, गाव साक्षीला असे आणि तेवढे पुरे होई. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने नोंदणीची सोय केली, पण नोंदणी नसली म्हणून लग्न रद्द होत नव्हते. मुंबई राज्याने १९५३ मध्येच विवाह नोंदणीचा कायदा केला होता आणि तो पुढे महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांकडे आला. तरी लोकांच्या लेखी लग्नपत्रिका आणि मांडवातला फोटो हाच दस्तऐवज राहिला. सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करा असे सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले ते २००६ मध्ये. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी आज नवे जोडपे लग्नानंतर आठवडाभरात नोंदणीसाठी धावते, त्यामागे पासपोर्ट आणि व्हिसाची निकड किती मोठी आहे हे नोंदणी कार्यालयाबाहेर बसणारा कोणताही एजंट सांगेल.

कागद नाहीत म्हटल्यावर अधिकाऱ्यांनी मुलाखतीचे तंत्र घडवले. नवरा-बायको, दीर, सासू, मोठी मुले यांना वेगवेगळे विचारायचे आणि उत्तरे ताडून पाहायची. घरात खोल्या किती, विहीर कोणत्या बाजूला, म्हशी किती, नणंदेचे लग्न कोणत्या साली झाले, चुलत सासऱ्याला मुले किती. उत्तरे जुळली नाहीत की नात्यावरच शंका आणि अर्ज नामंजूर. ज्या घरात जन्मतारीख कुणाला ठाऊक नाही, वय ‘पुराच्या वर्षी’ असे मोजतात, आणि चुलत भावालाही भाऊच म्हणतात, तिथे पाच जणांची उत्तरे तंतोतंत जुळली असती तरच नवल. तरी नकारांमागे काही खरोखरच बनावट अर्जांचाही इतिहास होता. काही पुरुषांनी भावाची मुले आपली म्हणून दाखवली होती, हे सिल्हेटी समाजातले लोकही नाकारत नाहीत. पण संशयाचे ओझे सगळ्यांवर सारखेच पडले. सत्तरच्या दशकात ढाका आणि इस्लामाबादेत पहिल्या मुलाखतीची तारीख मिळायलाच महिनोन्महिने, काही वेळा दोन वर्षांच्याही वर लागत. रांग हाच नियंत्रणाचा एक भाग झाला होता. सर्टिफिकेट नाकारावे लागत नव्हते, उशिरा दिले तरी आकडे खाली येत होते. वांशिक समतेसाठी नेमलेल्या कमिशन फॉर रेशिअल इक्वालिटी या सरकारी संस्थेने १९८५ च्या चौकशी अहवालात या कार्यपद्धतीवर कडक ठपका ठेवला.

मुंबईच्या ब्रिटिश कचेरीसमोर दोन रांगा होत्या. गुजरातेतून आलेल्या बायका-मुलांची एक. दुसरी पूर्व आफ्रिकेतून निघून भारतात अडकलेल्या, ब्रिटिश पासपोर्ट बाळगणाऱ्या कुटुंबांची. त्यांना १९६८ नंतर विशेष व्हाउचर लागत असे आणि ते फक्त कुटुंबप्रमुखाला मिळे. बाईला कुटुंबप्रमुख मानायची कायद्याची सहसा तयारी नसे. ही व्हाउचर योजना २००२ पर्यंत चालली.

मुलाखतीच्या या पद्धतीचे सर्वांत लाजिरवाणे टोक २४ जानेवारी १९७९ रोजी हीथ्रो विमानतळावर दिसले. पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका लग्नासाठी आली होती. राष्ट्रकुलातल्या नियोजित वधूला त्या वेळी आगाऊ सर्टिफिकेट लागत नसे. तीन महिन्यांची मुभा विमानतळावरच मिळे आणि त्या मुदतीत लग्न करायचे असे. बायकोला मात्र वर्षभराची रांग लावावी लागे. त्यामुळे ही आधीच लग्न झालेली असून रांग चुकवण्यासाठी वाग्दत्ता म्हणवते आहे, असा अधिकाऱ्याला संशय आला आणि तिची कौमार्य तपासणी करण्यात आली. भारतीय बाई लग्नाआधी कुमारीच असणार, हे गृहीतक सरकारी तपासणीचा आधार झाले होते. ‘गार्डियन’ने १ फेब्रुवारीला बातमी छापली, भारतात संतापाची लाट उठली आणि गृहमंत्री मर्लिन रीस यांनी अशा तपासण्यांवर बंदी घातली. ही एखाद-दुसरी चूक आहे असा सरकारचा सूर होता. २०११ मध्ये मरिनेला मार्मो आणि इव्हान स्मिथ या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जुन्या फायलींतून दाखवून दिले की सत्तरच्या दशकात किमान ८० बायकांच्या अशा तपासण्या झाल्या होत्या, आणि त्या मुख्यतः भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांत झाल्या होत्या. मुलांचे वय ठरवायला हाडांचे एक्स-रे काढण्याची प्रथाही याच काळातली.

नवऱ्यांची कहाणी वेगळ्या वाटेने गेली. परदेशी नवऱ्याला कायद्याचा हक्क कधीच नव्हता, सवलत होती. जानेवारी १९६९ मध्ये गृहमंत्री जेम्स कॅलहॅन यांनी ती काढून घेतली. युक्तिवाद असा की पुरुष येतो तो नोकरीच्या बाजारात येतो. बायको येते ती घरात येते. ब्रिटनमध्ये वाढलेल्या मुलीने राष्ट्रकुलातला नवरा केला तर तिने त्याच्या देशी जावे, अशी अपेक्षा होती. ब्रिटिश बायकांनी चळवळ केली, खासदारांना पत्रे लिहिली, आणि १९७४ मध्ये रॉय जेन्किन्स यांनी नवऱ्यांची वाट पुन्हा मोकळी केली. पण केवळ स्थायिक होण्यासाठी लग्ने जुळवली जातात ही तक्रार थांबली नाही. १९७९ च्या निवडणुकीत काँझर्व्हेटिव्ह पक्षाने ही वाट बंद करण्याचे आश्वासन दिले आणि १ मार्च १९८० पासून नवे नियम आले. नवऱ्याला आणणारी बायको स्वतः ब्रिटनमध्ये जन्मलेली किंवा तिथे जन्मलेल्या आईची किंवा बापाची असावी, दोघे एकमेकांना भेटलेले असावेत, आणि लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवणे हा नसावा.

या शेवटच्या अटीने पुढची सतरा वर्षे हजारो घरांची झोप उडवली. इंग्रजीत तिला ‘प्रायमरी पर्पज रूल’ म्हणत आणि साउथॉल-लेस्टरच्या घरांत पंजाबी-गुजराती बोलतानाही हाच शब्द वापरला जाई. तोवरचा प्रश्न होता, हे लग्न खरे आहे का? आता लग्न खरे आहे, दोघे एकत्र राहणार आहेत, हे मान्य करूनही अर्ज नाकारता येऊ लागला. कारण प्रश्न बदलला होता : लग्न केलेत कशासाठी? १९८२ च्या डिसेंबरात सत्ताधारी पक्षातल्याच काही खासदारांनी बंड केल्याने सुधारित नियम संसदेत पडले. फेब्रुवारी १९८३ मध्ये ते पुन्हा आले तेव्हा बायकोच्या जन्मस्थळाची अट गेली होती, पण हेतू सिद्ध करायची जबाबदारी पूर्णपणे अर्जदारावर टाकली होती. हेतू नव्हता हे सिद्ध करायचे कसे, याला कुणाकडेच उत्तर नव्हते. नसलेल्या गोष्टीची साक्ष कोण देणार?

ठरवून केलेल्या लग्नांना ही अट विशेष जाचली. जालंधर किंवा अहमदाबादच्या तरुणाला अधिकारी विचारी, तुमच्यात मुलगी सासरी जाते ना? मग तुम्ही तिच्या देशात का निघालात? चालीरीतीप्रमाणे बायकोने इकडे यायला हवे, म्हणजे तुम्ही घरजावई व्हायला तयार झालात ते ब्रिटनसाठीच. ‘तिथे चांगली नोकरी मिळेल’ असे प्रामाणिकपणे सांगितले तर हेतू उघड झाला. ‘तिला इकडे करमणार नाही’ म्हटले तर उत्तर पढवलेले ठरले. वकिलांनी या नियमाला सापळा म्हटले, तर त्यात अतिशयोक्ती नव्हती. प्रेमविवाहात हेतूची शंका घेतली जात नसे, कारण अधिकाऱ्याच्या मनातले लग्नाचे चित्र तसेच होते. स्थळे पाहून, घराणी जुळवून, नोकरी-शेतीचा विचार करून केलेल्या लग्नात व्यवहाराचा भाग असतोच. तो लपवणे अर्जदाराला शिकावे लागले.

न्यायालयांनी हळूहळू धार कमी केली. १९८६ च्या अरुण कुमार खटल्यानंतर लग्नानंतरची वागणूक, म्हणजे पत्रे, फोन, एकमेकांना भेटायला केलेले प्रवास, हाही हेतूचा पुरावा म्हणून पाहिला जाऊ लागला. मग बायका निळ्या एरोग्रामची चळत आणि टेलिफोनची बिले जपून ठेवू लागल्या. १९९२ च्या जूनमध्ये सरकारने सवलत दिली की लग्नाला पाच वर्षे झाली असतील किंवा ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क असलेले मूल झाले असेल, तर या अटीवर अर्ज नाकारला जाणार नाही. तरीही नियम मेला तो ५ जून १९९७ रोजी. नुकत्याच सत्तेवर आलेल्या लेबर सरकारचे गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी तो रद्द केला.

मधल्या काळात समतेचा एक खटला झाला, त्याचा शेवट बोलका आहे. मलावी, फिलिपिन्स आणि इजिप्तमध्ये मुळे असलेल्या, ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या अब्दुलअझीझ, कबालेस आणि बाल्कंदाली या तीन बायकांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. पुरुषाला बायको आणता येते, मग बाईला नवरा का नाही? २८ मे १९८५ रोजी न्यायालयाने सांगितले की हा लिंगभेद आहे. वंशभेदाचा आरोप मात्र त्याने मानला नाही. निकाल पाळण्याचे दोन मार्ग होते. नवऱ्यांची अट काढायची, किंवा बायकांनाही तीच अट लावायची. सरकारने ऑगस्ट १९८५ मध्ये दुसरा मार्ग निवडला. समता आली, ती बायकांचा मार्ग अरुंद करून. १९७३ पूर्वी स्थायिक झालेल्या पुरुषांच्या बायकांचा जो जुना, कायद्यात लिहिलेला हक्क उरला होता, तो १९८८ च्या इमिग्रेशन ॲक्टने संपवला.

याच वर्षांत नात्याच्या पुराव्याचा प्रश्न विज्ञानाने अनपेक्षितपणे सोडवला. लेस्टर विद्यापीठात अलेक जेफ्रीज यांना सप्टेंबर १९८४ मध्ये डीएनए फिंगरप्रिंटिंगचे तंत्र सापडले, आणि त्याचा पहिला प्रत्यक्ष वापर गुन्ह्याच्या तपासात झाला नाही. तो १९८५ मध्ये एका इमिग्रेशन खटल्यात झाला. घानाहून आईकडे परतलेल्या एका मुलाचे नाते होम ऑफिस, म्हणजे ब्रिटनचे गृह मंत्रालय, मान्य करत नव्हते. चाचणीने ते सिद्ध झाले. त्यानंतर ढाका-इस्लामाबादच्या अर्जांवर तपासणी करून पाहिली तेव्हा पूर्वी नाकारलेल्या पुष्कळ मुलांची नाती खरी निघाली. वर्षानुवर्षे झालेल्या म्हशी-विहिरींच्या चौकशीचे मोल त्यातून कळले. तोवर ती मुले वयात आली होती आणि आश्रित म्हणून त्यांचा हक्क संपला होता.

डीएनए नाते सांगते, लग्न सांगत नाही. त्यामुळे जोडीदाराच्या बाबतीत कागदांची गरज वाढतच गेली. दरम्यान एका पंजाबी जोडप्यामुळे आडवाटेचा एक कायदा तयार झाला. सुरिंदर सिंग हा भारतीय नागरिक आणि त्याची ब्रिटिश बायको १९८३ ते १९८५ जर्मनीत नोकरी करून परतले. पुढे लग्न मोडू लागले आणि त्याला देशाबाहेर काढायची तयारी झाली. ७ जुलै १९९२ रोजी युरोपीय न्यायालयाने ठरवले की ब्रिटिश नागरिक युरोपातल्या दुसऱ्या देशात काम करून परतला, तर त्याच्या जोडीदाराला ब्रिटनचे कडक नियम नाही, युरोपचे सौम्य नियम लागू होतील. पुढे ब्रिटनमधले नियम जसे आवळले, तसे कित्येक जोडप्यांनी काही महिने आयर्लंडमध्ये बिऱ्हाड थाटून याच वाटेने घर गाठले. ब्रेक्झिटनंतर, २०२० च्या अखेरीस, नव्या जोडप्यांसाठी ही वाट बंद झाली.

हेतूचा नियम गेला तरी सरकारचा संशय संपला नाही, त्याने जागा बदलली. सक्तीच्या लग्नांना आळा घालण्यासाठी नोव्हेंबर २००८ मध्ये जोडीदाराचे किमान वय १८ वरून २१ केले गेले. तीन वर्षांनी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अतिरेकी ठरवले. स्वेच्छेने लग्न करणाऱ्यांना त्याचा फटका बसत होता. नोव्हेंबर २०१० पासून इंग्रजीची परीक्षा आली. एकत्र राहण्याची कसोटीची मुदत १९९० च्या दशकात एक वर्ष होती, २००३ मध्ये दोन झाली, २०१२ मध्ये पाच. या मुदतीत बाई नवऱ्यावर पूर्णपणे अवलंबून असे. मारहाण सोसायची की देश सोडायचा, एवढाच पर्याय कित्येकींपुढे होता. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने त्याविरुद्ध वर्षानुवर्षे मोहीम चालवली. घरगुती हिंसाचाराने लग्न मोडले तर बाईला राहू देण्याची सवलत १९९९ मध्ये मिळाली आणि नंतर ती नियमांत आली. जोडीदार या शब्दाची व्याप्तीही वाढली. २००५ च्या डिसेंबरात समलिंगी जोडप्यांना सिव्हिल पार्टनरशिप मिळाली आणि २०१४ पासून लग्नाचा हक्क, आणि व्हिसाचे नियम त्यांनाही लागू झाले.

९ जुलै २०१२ रोजी सगळ्यांत मोठा बदल झाला. गृहमंत्री थेरेसा मे यांच्या कारकिर्दीत नियम आला की जोडीदाराला बोलावणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड हवे. एका परदेशी मुलासाठी ३,८०० आणि पुढच्या प्रत्येकासाठी २,४०० पौंड जास्त. उत्पन्न नसेल तर ६२,५०० पौंडांची बचत. पूर्वीही सरकारी मदतीशिवाय संसार चालला पाहिजे अशी अट होती, पण ती माणसागणिक पाहिली जाई. आई-वडिलांच्या घरी राहणाऱ्या जोडप्याला भाडे नसते, हे अधिकारी विचारात घेई. आता एकच आकडा सगळ्यांना, लंडनच्या बँक अधिकाऱ्याला आणि लेस्टरच्या दुकानात अर्धवेळ काम करणाऱ्या बाईला. येणाऱ्या जोडीदाराचा मुंबईतला पगार किंवा मिळणारी नोकरी मोजली जात नाही. मुले सांभाळणाऱ्या आणि कमी पगाराच्या कामांत असलेल्या बायकांना याची झळ सर्वाधिक बसली. हा नियम पहिल्यांदाच अशा हजारो गोऱ्या ब्रिटिश कुटुंबांपर्यंत पोचला ज्यांनी इमिग्रेशनचे नियम म्हणजे दुसऱ्यांची भानगड असे मानले होते. थायलंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या जोडीदारांशी लग्न केलेले लोक आंदोलनात दिसू लागले. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाची मर्यादा तत्त्वतः वैध ठरवली, पण मुलांच्या हिताकडे पुरेसे लक्ष दिले नसल्याबद्दल आणि उत्पन्नाचे इतर विश्वासार्ह मार्ग डावलल्याबद्दल सरकारला नियम सुधारायला लावले.

११ एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा २९,००० पौंड झाली. मुलांसाठीची वेगळी रक्कम त्यात विरघळली आणि बचतीचा आकडा ८८,५०० वर गेला. पुढच्या टप्प्यात ३८,७०० पौंडांपर्यंत नेण्याची आधीच्या सरकारची योजना होती. जुलै २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या लेबर सरकारने ती थांबवून मायग्रेशन ॲडव्हायजरी कमिटीकडे विषय सोपवला. जून २०२५ च्या अहवालात समितीने ३८,७०० ची शिफारस केली नाही.

मुंबईतल्या अर्जदाराचा आजचा अनुभव १९६९ च्या बाईपेक्षा वरवर सौम्य आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा. बोटांचे ठसे आणि फोटो व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रात द्यायचे. ही कंपनी २००१ मध्ये मुंबईतच अमेरिकी व्हिसाच्या कामासाठी सुरू झाली आणि आता कित्येक देशांच्या सरकारांसाठी अर्ज गोळा करते. निर्णय मात्र तिचा नसतो, तो होम ऑफिसचा. त्याआधी क्षयरोगाची तपासणी आणि इंग्रजीची प्राथमिक पातळीची परीक्षा. मग विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, बोलावणाऱ्याच्या सहा महिन्यांच्या पगारपत्रिका, त्याच रकमा दाखवणारी बँकेची स्टेटमेंट, घराची कागदपत्रे, एकत्र काढलेले फोटो, व्हॉट्सॲपवरच्या संभाषणाचे स्क्रीनशॉट. मुलाखत क्वचितच होते. पगाराचा आकडा आणि बँकेतली नोंद यांत तफावत निघाली तर लग्न कितीही खरे असले तरी अर्ज नामंजूर होऊ शकतो. फी १,९०० पौंडांच्या वर आहे आणि आरोग्य सेवेचा अधिभार दर वर्षाला १,०३५ पौंड, तोही व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा आगाऊ. पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा मिळतो. मग ३० महिन्यांची मुदतवाढ, आणि पाच वर्षे भरल्यावर कायम राहण्याचा अर्ज. प्रत्येक टप्प्यावर पुन्हा फी आणि पुन्हा तेच पुरावे लागतात.